कागलचे कॅप्टन

आमच्या एमआयडीसीत 'कॅप्टन' अशी हाक ऐकली की नव्या माणसाला वाटतं, कुणीतरी फौजेतून निवृत्त होऊन सिक्युरिटीला लागलेला असणार. जिल्हाच तसा आहे. पण आमचे कॅप्टन फौजेतले नव्हेत आणि नेव्हीतले तर नव्हेतच. ते फाउंड्रीत क्वालिटी इन्चार्ज आहेत. त्यांना पोहता येत नाही. पोरांनी कितीही गळ घातली तरी रंकाळ्यावर ते होडीत पाय ठेवत नाहीत, आणि एसटी घाटाला लागली की खिशातली आवळासुपारी आधी तोंडात टाकतात. नाद एकच. जुन्या प्रवासी आगबोटींचे फोटो काढायचे, आणि काढता आले नाहीत तर जमवायचे.

मुंबईच्या किंवा वास्कोच्या माणसाला हा नाद असता तर लोक त्याला छंद म्हणाले असते. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत तो जडला म्हणजे काय म्हणायचं? आम्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला ऊस, मध्ये भट्ट्या, मशीन शॉप आणि सूतगिरण्या. पाणी म्हणाल तर दूधगंगा, नाहीतर गावातला जयसिंगराव तलाव. समुद्र बघायचा तर राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा. तो उतरला तरी ज्या बोटी कॅप्टनना बघायच्या असतात त्या तिथं नसतात. बहुतेक तर आता कुठंच नसतात. ही अडचण त्यांना कधी अडचण वाटली नाही.

कामाला माणूस चोख. कास्टिंगवर सुईच्या अग्राएवढं भोक, म्हणजे पिनहोल, दिसायचा अवकाश की लाल रंगाचा ब्रश फिरलाच. ब्लोहोल, सँड ड्रॉप, कोल्ड शट, कुणाचीच गय नाही. "साहेब, मशिनिंगमध्ये जातंय की ते," असं मोल्डिंगचा सुपरवायझर काकुळतीला येऊन म्हणतो. "तुझी नोकरी पण जाईल मशिनिंगमध्ये," म्हणून कॅप्टन पुढच्या पीसकडं वळतात. वरच्या खिशात कायम व्हर्नियर कॅलिपर. लग्नाच्या पंगतीत जिलेबीची जाडी मोजली होती म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही, पण खोटं असेल असंही वाटत नाही.

हाच डोळा ते फोटोला लावतात. बोट पुढच्या बाजूनं तिरकी दिसली पाहिजे, म्हणजे नाळ आणि पूर्ण कूस दोन्ही येतात. ऊन आपल्या पाठीशी. पाण्याची रेघ कापलेली नको. क्षितिज अर्धा अंश कललं की रिजेक्ट. डोलकाठीच्या मागं बंदरातला दिव्याचा खांब उगवला, रिजेक्ट. धूर धुराड्यातून सरळ वर चाललाय, म्हणजे बोट धक्क्याला उभी आहे, निघालेली नाही, रिजेक्ट. स्वतः काढलेल्या फोटोंवरसुद्धा ते लाल मार्करनं फुली मारतात. त्यामुळं त्यांचा 'पास' झालेला अल्बम अगदी बारीक आहे आणि नापासांनी कपाट भरलंय. टेलिलेन्स ते गेजच्या डब्यात, फोमच्या खाचेत ठेवतात. तिला ऊन, वारा आणि मुलांचे हात लागू देत नाहीत.

टपरीवर चहाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास विचारतं, "कॅप्टन, टायटॅनिकचा फोटो हाय का तुमच्याकडं?" विचारणाऱ्याला वाटतं, आपण त्यांच्या आवडीचं बोललो. कॅप्टन ग्लास खाली ठेवतात.

"टायटॅनिकची थोरली बहीण होती, ठाऊक आहे? ऑलिंपिक. बेलफास्टच्या त्याच गोदीत, शेजारी शेजारी बांधलेल्या दोघी. थोरली 1911 ला कामावर रुजू झाली. महायुद्धात सैनिक वाहिले, 1918 ला एका जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडवलं, परत पॅसेंजर वाहिले आणि 1935 ला रिटायर. चोवीस वर्षं सर्व्हिस! हिच्यावर काढला का कुणी पिक्चर? धाकटी पहिल्याच फेरीत बुडली, तर तिचा जगभर गवगवा." मग आवाज उतरवून, "आपल्या कंपनीत पण हेच चालतं."

बुडालेल्या बोटींवर ते बोलत नाहीत. आईचं माहेर कोकणातलं. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईच्या तोंडाशी उलटली आणि सहाशेंच्या वर माणसं गेली, त्याचा विषय आजोळी निघाला की जेवणं थांबायची. तेवढं एकदा सांगून त्यांनी तो कप्पा बंद केला आहे.

त्यांचं दैवत म्हणजे फादर फ्रान्सिस ब्राउन, आयर्लंडचे जेझुइट. 1912 साली काकानं काढून दिलेल्या तिकिटावर ते टायटॅनिकनं साउदॅम्प्टनहून क्वीन्सटाउनपर्यंत गेले आणि वाटेत फोटो काढत सुटले. बोटीवरच्या एका श्रीमंत जोडप्यानं पुढं न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च देऊ केला. ब्राउननी परवानगीसाठी वरिष्ठांना तार केली. उत्तर आलं, बोटीवरून उतर. ते उतरले, म्हणून ते राहिले आणि फोटोही राहिले. ही गोष्ट कॅप्टननी एकदा उत्साहाच्या भरात एचआरच्या साहेबांना सांगितली. तेव्हापासून त्यांचा रजेचा अर्ज नामंजूर झाला की साहेब नुसतं "फादर ब्राउन" म्हणतात आणि फाइल मिटतात.

मी स्टोअरला आहे, त्यामुळं कॅप्टनचा आणि माझा संबंध भंगारातून आला. फाउंड्रीत कच्चा माल म्हणजे पिग आयर्न, आपलंच परत आलेलं रिटर्न आणि स्टील स्क्रॅप. स्क्रॅपचा ट्रक वजनकाट्यावर चढला की कॅप्टन खात्यातून बाहेर येतात. "काय स्टोअर, कुठला माल?" हा प्रश्न ते क्वालिटीसाठी विचारतात असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग एकदा ते ढिगाऱ्यावर चढून एका जाड पत्र्याचा फोटो काढताना सापडले.

त्याचं असं आहे. 'फ्रान्स' नावाची बोट होती. सेंट नाझेरच्या गोदीत बांधलेली, 1962 ला चालू झालेली, लांबी 315 मीटर. तिच्यापेक्षा लांब प्रवासी बोट पुढं चाळीसेक वर्षं कुणी बांधली नाही. नंतर ती 'नॉर्वे' झाली, आणि शेवटी 'ब्लू लेडी' या नावानं 2006 साली भावनगरजवळ अलंगच्या किनाऱ्याला लागली. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मग तिला तोडली. इतका मोठा जिन्नस, त्याचं लोखंड कुठंतरी गेलंच असणार. कॅप्टनचा हिशेब सरळ आहे: देशात गेलं, महाराष्ट्रात आलं असेल, मग कागलला का येणार नाही? अलंगचा पत्रा बहुतेक तिथल्याच रोलिंग मिलमध्ये जातो आणि त्याच्या सळ्या होतात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळा?"

मग त्यांनी त्या पत्र्याचा तुकडा स्पेक्ट्रोला लावला. कार्बन, मँगनीज, सल्फर सगळं कागदावर आलं. बोटीचं नाव आलं नाही. भट्टीवरचा मिस्त्री बाजूला उभा राहून हा खेळ बघत होता. तो म्हणाला, "साहेब, बोट असू दे न्हाईतर बादली, भट्टीत गेली की सगळ्याचं पाणीच हुतंय." कॅप्टननी ते ऐकलं आणि पत्रा भट्टीत जाऊ दिला. त्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या त्या घाण्याचा, नंबर मात्र डायरीत लिहून ठेवला. त्या हीटमधून ट्रॅक्टरचे भाग पडले. पंचक्रोशीत कुठंतरी कुणाच्या ट्रॅक्टरात अटलांटिक महासागर ओलांडलेलं लोखंड उसाच्या सरीतून फिरतंय, असं ते आजही मानतात. ते पीस त्यांनी रिजेक्ट केले होते की नाही, हे मी विचारलं नाही.

अलंगला ते स्वतः जाऊन आलेत. वहिनींना सोमनाथ-द्वारका दाखवतो म्हणाले होते. सोमनाथ झालं, आणि मग द्वारकेऐवजी गाडी उलट्या दिशेला भावनगरकडं वळली. तोडणीच्या यार्डात फोटो काढू देत नाहीत, आत सोडतच नाहीत, म्हणून ते रस्त्याकडेच्या दुकानांत घुसले. तोडलेल्या बोटींतल्या खुर्च्या, गाद्या, कपबश्या, दिवे, सगळं तिथं मैल मैल मांडलेलं असतं. येताना एक लाईफबॉय आणि अर्धा डझन कप आले. लाईफबॉय कागलच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टांगलाय. नाव खरवडलेलं आहे, फक्त शेवटचं 'ए' अक्षर वाचता येतं, आणि त्यावरून ती कुठली बोट असेल याची यादी कॅप्टननी केलीय. पाहुणा आला की चहा त्या कपातून. चहा संपला की कप उलटा करून बुडाचा छाप बघायचा, तोवर उठायचं नाही. "द्वारकेला न्हेतो म्हणाले आणि भंगारबाजार फिरवून आणला," असं वहिनी अजून सांगतात. सांगताना हसतात, पण द्वारका राहिली ती राहिलीच.

कोल्हापूरचा आगबोटीशी काय संबंध, असं त्यांना चुकूनही विचारू नये. 1870 साली कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेला गेले. तिथं त्यांनी रोजनिशी लिहिली, ती पुढं छापली गेली. परतताना फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं आणि आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आहे. 1902 ला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला शाहू महाराज गेले. ते तर जन्मानं कागलच्याच घाटग्यांचे. "दोन्ही महाराज चालत गेले नाहीत," असं कॅप्टन म्हणतात. "महाराजांचे फोटो आहेत. बोटीचा कुठाय?" आणि हे कुठं, तर ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला तिथं! महाराजांच्या आयुष्यातला हा एकच भाग त्यांना पुरेसा सविस्तर वाटत नाही.

एका व्याख्यानमालेत वक्ते सावरकरांच्या उडीवर बोलत होते. 8 जुलै 1910, मार्सेलिस, खवळलेला दर्या, सभागृह भारावलेलं. प्रश्नोत्तरांना कॅप्टन उठले. "बोट 'मोरिया'. पी अँड ओ कंपनीची. ती तेव्हा बंदरात नांगरलेली होती, मग दर्या खवळेल कसा? आणि पोर्टहोलचा व्यास किती?" वक्ते म्हणाले, "पुरेसा होता." कॅप्टननी खिशातला व्हर्नियर चाचपला. "पुरेसा म्हणजे ड्रॉइंगला किती?" संयोजकांनी आभारप्रदर्शन उरकून घेतलं. उडीबद्दल कॅप्टनना सभागृहातल्या कुणाहीपेक्षा जास्त आदर आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कारण त्यांनी घरी पुठ्ठ्याला गोल भोक पाडून खांदे जातात का बघितलं होतं.

पाच एप्रिलला ते पेढे वाटतात. 1919 साली त्या दिवशी सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून तो राष्ट्रीय सागरी दिन. ही बोट मूळची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', कॅनेडियन पॅसिफिकची, 1891 ची. मधल्या काळात ती ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडं होती. "म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसाची," असं म्हणून कॅप्टन पेढा पुढं करतात. शिंद्यांचं मूळ गाव कन्हेरखेड कुठं आणि कॅनडा कुठं, पण पेढा फुकट असतो, त्यामुळं खात्यात कुणी वाद घालत नाही. फेटलिंगच्या पोरांना तो त्यांचा वाढदिवस वाटतो.

मागच्या थंडीत एका लग्नाच्या निमित्तानं आम्ही बरोबर मुंबईला गेलो. लग्न कॅप्टननी अक्षतांवर उरकलं. खरं काम दुसऱ्या दिवशी पहाटे होतं. कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही क्रूझ फेरी करून सकाळी बंदरात शिरणार होती. बॅलार्ड पिअरला आत सोडत नाहीत, शेजारी नेव्हीची गोदी, तिकडं लांब लेन्स काढली तर फोटो आपलाच निघतो. म्हणून त्यांचा बेत असा, की गेटवेवरून मांडव्याची लाँच धरायची. सकाळचं ऊन पूर्वेकडून, बोटीवर समोरून पडणार, आपण पाण्यात, ऊन पाठीशी. कागदावर बिनचूक. फक्त त्यासाठी होडीत पाय ठेवणं आलं.

लाँच हलली आणि कॅप्टन कठड्याला धरून उभे राहिले. आवळासुपारीची पुडी एका हातात, कॅमेरा दुसऱ्या. चेहऱ्याचा रंग उतरत चालला होता, पण माहिती चालू होती. आताच्या क्रूझ म्हणजे त्यांच्या लेखी बोटीच नव्हेत, रंकाळ्याकाठचं एखादं अपार्टमेंट पाण्यात लोटावं तसला प्रकार. लायनर म्हणजे वेळापत्रकाची बांधलेली. वादळ असो, गारठा असो, ठरल्या दिवशी पलीकडच्या बंदराला लागायचंच. म्हणून नाळ लांब आणि धारदार, पोट खोल, पत्रा जाड, इंजिनं तगडी. आता त्या जातीची पाण्यात कामावर एकच उरली, 'क्वीन मेरी 2'. "मग ही एम्प्रेस कशाला बघायची?" मी विचारलं. कॅप्टननी एक आवंढा गिळला. "1990 ला सेंट नाझेरला बांधली. 'फ्रान्स'च्याच गावात. माहेर एक आहे."

धुरकटातून पांढरा आकार पुढं आला तेव्हा त्यांची मळमळ कुठं गेली कळलं नाही. पाय रोवले, श्वास रोखला. आणि त्याच वेळी शेजारच्या बाकावरच्या पोरानं सीगलना गाठ्या टाकायला सुरुवात केली. थंडीत मांडव्याच्या लाँचमागं सीगलचे थवेच्या थवे लागतात. बोटीच्या नावावर पंख, धुराड्यावर पंख, नाळेच्या टोकावर चोच.

"अहो बाई, पोराला आवरा! बोट येतेय!" कॅप्टन ओरडले.

बाईंनी शांतपणे वळून पाहिलं. "येऊ दे की. आपण बोटीतच बसलोय."

बोट निघून गेली. त्यांचे सगळे फोटो सीगलचे निघाले, आणि सीगलचे म्हणून ते उत्तम होते, पण तसं बोलायची माझी छाती झाली नाही. मी मोबाइलवर एक टिपला होता, थवा बाजूला झाल्यावर. अख्खी बोट, स्वच्छ ऊन. बिचकत दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला, मोबाइल डोळ्याच्या रेषेत धरला आणि परत दिला. "क्षितिज दीड अंश डावीकडं. रिजेक्ट." मग मांडव्याच्या धक्क्यावर बसून त्यांनी लिंबू-सोडा मागवला. परतीला लाँच नको म्हणाले. मुंबईत शिरायला आम्ही वडखळ-पनवेलवरून एसटीनं आलो.

पास झालेल्या अल्बमात नाही, पण भिंतीवर आहे असा एक फोटो त्यांच्या टेबलाच्या वर लावलेला आहे. चौकोनी, काळा-पांढरा, पांढरी किनार आता पिवळी पडलेली. शाळेत असताना मे महिन्यात ते आजोळी विजयदुर्गाकडं गेले होते. मामाचा अग्फा क्लिक थ्री घेऊन किल्ल्याच्या बुरुजावर चढले. लांबून मोगल लाईनची 'कोकण सेवक' चालली होती. ती आणि 'कोकण शक्ती' या दोघी तेव्हा मुंबई-गोवा मार्गावर होत्या. फोटोत वर आकाश, खाली समुद्र, दोन्ही एकाच राखाडी रंगाचे, आणि मधल्या रेघेवर डावीकडं एक काळा ठिपका. क्षितिज तीन अंश तरी उतरलंय. त्यांच्या स्वतःच्या कुठल्याही नियमात तो बसत नाही, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात त्यांनीच ब्रशनं हिरवा ठिपका दिलाय.

शेजारीच खात्याचा डिफेक्ट बोर्ड आहे. कास्टिंगमधल्या दोषांचे फोटो, नावं, पार्ट नंबर. यंदा गिऱ्हाइकाकडून पुण्याचे एक तरुण ऑडिटर आले. बोर्ड बघत बघत ते फ्रेमपाशी थांबले. "हा पिनहोल कुठल्या पार्टचा? पार्ट नंबर नाही, तारीख नाही. आणि दोष असून हिरवा मार्क कसा?" आमच्या एचओडींना घाम फुटला. कॅप्टननी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर ऑडिटरनी एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, लिहून टाकली होती.

एचओडी म्हणाले, "फ्रेम काढा, विषय संपला." कॅप्टन म्हणाले, "एनसी आलीय तर रीतसर उत्तर गेलं पाहिजे." बरोबरच होतं ते. दुसरा कुणी असता तर त्यांनीही त्याच्याकडून लिहूनच घेतलं असतं. त्यांनी फॉर्म भरला. त्याची प्रत माझ्याकडं आहे.

दोषाचे वर्णन: काळा ठिपका, एक नग. मूळ कारण: बोट लांब होती, कॅमेरा साधा होता, ऑपरेटर सहावीत होता. तातडीचा उपाय: ऑपरेटरनं हात हलवून बोटीला बोलावलं, परिणाम झाला नाही. कायमस्वरूपी उपाय: सदर सेवा बंद झालेली असल्याने दोष पुन्हा उद्भवण्याची शक्यता नाही.

आठ दिवसांनी पुण्याहून मेल आला, एनसी क्लोज्ड. खाली मराठीत एक जादा ओळ होती: 'बोट कुठली होती, सर?' कॅप्टननी त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं. ते अजून पोचलेलं नाही. अटॅचमेंट मोठी आहे म्हणून कंपनीचा सर्व्हर रोज परत पाठवतो, आणि कॅप्टन आयटीवाल्या पोराला रोज सांगतात की अडचण फोटोंची नाही, तुमच्या पाइपची आहे.